अहवाल नावाचा वाङ्मयप्रकार

पश्चिम घाटावरचे दोन सरकारी अहवाल मी बंगळुरूत बसून ओळीने वाचले. ते मला पर्यावरणापेक्षा निवेदनाचे ग्रंथ वाटले. कोण बोलतो आहे, कोणाशी, आणि ऐकणाऱ्याने त्यावर का विश्वास ठेवावा? दोन्ही समित्यांचे अध्यक्ष या शहराशी जोडलेले: माधव गाडगीळ भारतीय विज्ञान संस्थेतले, के. कस्तुरीरंगन इस्रोचे.

गाडगीळांनी ऑगस्ट 2011मध्ये अहवाल दिला. मंत्रालयाने तो दडवला. माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालयाने बजावल्यावर मे 2012मध्ये तो उघड झाला. ज्या मजकुराला सरकारच घाबरते, त्यावर शेतकऱ्याने विसंबावे कसे? पुढे केरळात जमिनी जातील या भीतीने लोक रस्त्यावर उतरले.

गाडगीळांचा आग्रह होता, अहवाल स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे जावा. पण त्यांच्याच अहवालाची शैली या आग्रहाला साथ देत नाही, अशी माझी तक्रार आहे. घाट सुमारे नऊ किलोमीटरच्या चौकोनांत कापलेला. कोडगूच्या कॉफीवाल्याला किंवा सावंतवाडीच्या बागायतदाराला त्यात आपला ओढा सापडणार नाही. हेच गाडगीळ उत्तर कन्नडमधल्या बांबूविषयी किती वेगळे लिहितात! बेटाच्या बुडाचे काटेरी जाळे साफ केले की बांबू जोमाने वाढतो, अशी कागद गिरणीची समजूत. गावकरी म्हणत, काटे गेले की जनावरे कोंब खातात. गाडगीळांनी रानात जाऊन पडताळले. गावकरी बरोबर निघाले. शास्त्रज्ञावर विश्वास बसतो तो इथे, कारण तो आधी दुसऱ्याचे म्हणणे तपासण्याजोगे मानतो.

कस्तुरीरंगन अहवाल (2013) उपग्रहाच्या नजरेतून बोलतो. ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ भूप्रदेश वेगळे काढून घाटाचा सुमारे 37 टक्के भाग तो संवेदनशील ठरवतो. भाषा नेटकी आहे. पण त्या उंचीवरून कोंब दिसत नाही, कोंब राखणारा माणूसही नाही. आणि गंमत अशी की गाडगीळांपेक्षा सौम्य असूनही त्यालाही कोणी आपले मानले नाही.

30 जुलै 2024ला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. तो पाऊस हवामानबदलामुळे सुमारे 10 टक्के अधिक झाला, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. दुसऱ्याच दिवशी केंद्राने अधिसूचनेचा सहावा मसुदा काढला, हरकतींसाठी साठ दिवस दिले. ती मुदत संपण्याआधीच, सप्टेंबरात, कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवाल फेटाळला. बंगळुरूच्या नळाला येणारी कावेरी कोडगूतल्या तलकावेरीला उगम पावते.