अर्थसाहाय्याच्या अटी आणि युवकांचे मनःस्वास्थ्य : मलावीतील झोंबा प्रयोगाची चिकित्सा

प्रस्तावना

दारिद्र्य आणि मानसिक अस्वास्थ्य यांचा संबंध नव्याने सांगण्याची गरज नाही. गरिबीमुळे मन खचते आणि खचलेले मन माणसाला पुन्हा गरिबीकडे लोटते, हे दुहेरी नाते अर्थशास्त्र व मानसशास्त्र या दोन्ही विद्याशाखांना मान्य आहे. मॅथ्यू रिडली, गौतम राव, फ्रँक शिलबाख आणि विक्रम पटेल यांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन हे नाते केवळ सहसंबंधाचे नसून दोन्ही दिशांनी कार्यकारणाचे आहे, असे प्रतिपादन केले. यातून एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. गरीब कुटुंबाच्या हाती रोख रक्कम दिली, तर त्या घरातील तरुण मुलामुलींच्या मनावरील ताण हलका होतो काय?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा स्वरूपात शोधले जाते. प्रस्तुत लेखात मलावी देशातील झोंबा जिल्ह्यात झालेल्या प्रयोगाच्या आधारे या दृष्टिकोनाची चिकित्सा केली आहे. रक्कम किती दिली, याइतकेच ती कोणाच्या हाती दिली, तिला कोणती अट जोडली आणि त्या अटीचे ओझे कोणाच्या खांद्यावर ठेवले, हेही युवकांच्या मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने निर्णायक ठरते, असे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

प्रयोगाचे स्वरूप

सारा बेअर्ड, क्रेग मॅकिंटॉश आणि बर्क ओझलर या अर्थतज्ज्ञांनी २००८ व २००९ या दोन वर्षांत झोंबा येथे हा प्रयोग राबविला. १३ ते २२ वयोगटातील अविवाहित मुली हा त्याचा केंद्रबिंदू होता. शाळेत जाणाऱ्या मुलींचे यादृच्छिक पद्धतीने गट पाडण्यात आले. एका गटाला शाळेतील किमान ८० टक्के उपस्थितीच्या अटीवर रक्कम देण्यात आली, दुसऱ्या गटाला कोणत्याही अटीविना तेवढीच रक्कम मिळाली, तर तिसरा गट तुलनेसाठी राखण्यात आला. पालकांना दरमहा ४ ते १० डॉलर आणि मुलीला स्वतःला १ ते ५ डॉलर असे रकमेचे दोन भाग होते, आणि या दोन्ही रकमा सोडतीने ठरत होत्या. पालकांचा वाटा व मुलीचा वाटा वेगळा ठेवण्याची ही योजना वरकरणी तांत्रिक वाटते. प्रत्यक्षात मात्र तिच्यामुळेच पुढील काळातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाती आला.

एकाच प्रयोगाचे दोन निकाल

या प्रयोगाचा पहिला मोठा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षणाची मोजपट्टी लावली असता सशर्त साहाय्य सरस ठरले. शाळागळती रोखण्यात विनाशर्त साहाय्याचा परिणाम सशर्त साहाय्याच्या सुमारे ४३ टक्केच होता आणि इंग्रजी वाचनाच्या चाचणीतही सशर्त गटातील मुली पुढे होत्या. परंतु त्याच अहवालात असेही आढळले की, अल्पवयीन गर्भधारणा व विवाह यांचे प्रमाण विनाशर्त गटात लक्षणीयरीत्या कमी होते. हा फरक शाळा सोडलेल्या मुलींमुळे पडला होता. ज्या मुलीने शाळा सोडली, तिचे साहाय्य सशर्त गटात थांबत होते आणि विनाशर्त गटात चालू राहत होते. म्हणजेच ज्या मुलीला आधाराची निकड अधिक होती, तिच्याच हातून अट तो आधार काढून घेत होती.

दुसरा निकाल मनाविषयीचा आहे. बेअर्ड, जेकोबस द हूप आणि ओझलर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळेत जाणाऱ्या मुलींच्या मानसिक ताणाचे मापन केले. तुलनागटाच्या मानाने विनाशर्त गटात मानसिक ताणाचे प्रमाण सुमारे ३८ टक्क्यांनी, तर सशर्त गटात सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळले. याहून महत्त्वाचे म्हणजे सशर्त गटात पालकांना देऊ केलेली रक्कम जसजशी वाढत गेली, तसतसा मुलींच्या मनाला होणारा लाभ घटत गेला.

हा निष्कर्ष नीट समजून घेणे आवश्यक आहे. पैसा वाढला की स्वास्थ्य वाढते, या सर्वसाधारण समजुतीला येथे छेद मिळतो. सशर्त साहाय्यात मुलीची उपस्थिती ही कुटुंबाच्या मिळकतीची किल्ली बनते. ती आजारी पडली, अभ्यासात मागे पडली किंवा तिला शाळा नकोशी झाली, तर नुकसान एकट्या तिचे होत नाही. घराची चूल त्यात गुंतलेली असते. रक्कम जितकी मोठी, तितकी ही जबाबदारी जड. अशा वेळी शाळा हे शिक्षणाचे ठिकाण न राहता मजुरीचे ठिकाण होते आणि हजेरीपट हा तिचा मस्टर होतो. संशोधकांनी हा परिणाम आकडेवारीच्या भाषेत मांडला आहे. त्यामागील मानवी आशय मात्र असा आहे की, कुटुंबाचे दारिद्र्य दूर करण्याचे काम नकळत एका किशोरवयीन मुलीकडे सोपविले गेले.

या अभ्यासातील आणखी दोन निष्कर्ष धोरणाच्या चर्चेत फारसे उद्धृत होत नाहीत. पहिला असा की, ज्या वस्त्यांत साहाय्य दिले गेले, तेथील साहाय्य न मिळालेल्या शाळकरी मुलींचा मानसिक ताण वाढला. दुसरा असा की, कार्यक्रम संपताच हे सारे परिणाम लवकरच ओसरले. शेजारणीला मिळाले आणि आपल्याला नाही, हे शल्य आणि आज आहे ते उद्या नसेल, ही अनिश्चितता या दोन्ही गोष्टी साहाय्याच्या हिशेबात धरल्याच जात नाहीत.

चेरोकी समाजाचा दाखला

झोंबा येथील साहाय्य अल्पकालीन व निवडक मुलींपुरते होते. साहाय्य कायमस्वरूपी व सर्वांना सारखे असेल तर काय घडते, याचा दाखला अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील पूर्व चेरोकी या आदिवासी समाजात मिळतो. जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून तेथील १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करीत होते. त्यांपैकी ३५० मुले आदिवासी होती. अभ्यास चालू असतानाच चेरोकींच्या भूमीवर कॅसिनो सुरू झाला आणि त्याच्या नफ्यातील वाटा समाजातील प्रत्येक व्यक्तीला कोणत्याही अटीविना मिळू लागला.

२००३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या उत्पन्नामुळे १४ टक्के कुटुंबे दारिद्र्याबाहेर पडली. त्या कुटुंबांतील मुलांच्या वर्तनविषयक तक्रारी कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीपर्यंत खाली आल्या. गरिबीतच राहिलेल्या ५३ टक्के कुटुंबांतील मुलांमध्ये त्या पूर्वीइतक्याच राहिल्या. पालकांना मुलांकडे लक्ष देण्यास मिळालेली सवड हे या सुधारणेमागील एक प्रमुख कारण असल्याचे दिसून आले. २०१० च्या पुढील अभ्यासात या साहाय्याचा लाभ प्रौढ वयापर्यंत टिकल्याचे आणि तो सर्वांत लहान वयात साहाय्य मिळालेल्या मुलांत अधिक असल्याचे आढळले.

तथापि हा दाखलाही सरसकट वापरता येणार नाही. २००३ च्या अभ्यासात चिंता व नैराश्य यांच्या लक्षणांवर कोणताच परिणाम आढळला नव्हता. शिवाय झोंबा येथे प्रश्नावलीद्वारे मानसिक ताण मोजला गेला, तर येथे मुलाखतींद्वारे मनोविकारांची लक्षणे तपासली गेली. ‘मानसिक आरोग्य’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी मोजल्या गेल्या, याचे भान ठेवले नाही तर तुलना फसवी ठरते.

प्रतिवाद आणि त्याचे मूल्य

अट ही नेहमीच अपायकारक असते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. इंडोनेशियातील सशर्त अर्थसाहाय्य कार्यक्रमाचा अभ्यास करून कॉर्नेलियस क्रिश्चन, लुकास हेन्सेल आणि क्रिस्टोफर रोथ यांनी २०१९ साली असे दाखविले की, साहाय्यामुळे आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटले. खुद्द झोंबा येथेही, प्रयोग सुरू होण्यापूर्वीच शाळा सोडून गेलेल्या मुलींच्या बाबतीत सशर्त साहाय्याचा शिक्षणावरील परिणाम कार्यक्रमानंतरही टिकला, असे २०१९ च्या पाठपुराव्यात आढळले. अट ही परतीची वाट दाखवू शकते, हे यावरून मान्य करावे लागते.

मात्र इंडोनेशियाच्या अभ्यासात सर्व वयोगटांतील आत्महत्यांचा विचार आहे. घरातील तरुण मुलीला काय सोसावे लागले, हे त्यातून कळत नाही. सरासरीची हीच मर्यादा इतरत्रही जाणवते. २०२२ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये आलेल्या आढाव्यात रोख साहाय्याचा मनःस्वास्थ्यावरील परिणाम लहान पण निश्चित असल्याचे आणि तो रकमेनुसार वाढत असल्याचे नमूद आहे. हा आढावा युवकांपुरता मर्यादित नव्हता. झोंब्यातील सशर्त गटात घडलेली नेमकी उलट गोष्ट अशा सरासरीत विरून जाते. केनियातील अनाथ व असुरक्षित मुलांसाठीच्या विनाशर्त साहाय्याबाबतही असेच घडले. २०१६ च्या अभ्यासानुसार १५ ते २४ वयोगटात नैराश्याच्या लक्षणांची शक्यता २४ टक्क्यांनी घटली, परंतु हा लाभ तरुणांना झाला. तरुणींमध्ये तो आढळला नाही. अट नसली म्हणजे सर्वांचे मन सारखेच हलके होते, असेही नाही.

महाराष्ट्रातील योजनांच्या संदर्भात

महाराष्ट्रात २०२३ साली जाहीर झालेल्या ‘लेक लाडकी’ योजनेत पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबातील मुलीला जन्मापासून १८ व्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. त्यांपैकी ७५ हजार रुपये शेवटच्या टप्प्यावर, मुलगी अविवाहित असल्यास मिळतात. बालविवाह रोखण्याचा हेतू स्तुत्यच आहे. परंतु एकूण रकमेचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग एकाच टोकाशी आणि एकाच अटीशी बांधला असता, त्या वयातील मुलीवर घरातून कोणता दबाव येईल, हा प्रश्न झोंब्याच्या अनुभवानंतर विचारणे क्रमप्राप्त ठरते. २०२४ पासूनच्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत दरमहा १,५०० रुपये थेट महिलेच्या खात्यात जमा होतात. मात्र कुटुंबातील एकच अविवाहित महिला त्यास पात्र ठरते. एकाच घरातील दोन बहिणींपैकी एकीला साहाय्य आणि दुसरीला नकार, हे चित्र झोंब्यातील वंचित मुलींच्या ताणाची आठवण करून देणारे आहे.

महाविद्यालयांशी याचा संबंध अधिक निकटचा आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हेही एका अर्थाने दारिद्र्यनिवारणाचे रोख साहाय्यच होय. तिचे अर्ज महाविद्यालयात तपासले जातात आणि उपस्थिती महाविद्यालयच प्रमाणित करते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या व त्यांत महाराष्ट्रातील संख्या सर्वाधिक होती. या मृत्यूंची कारणे अनेक आहेत आणि ती केवळ आर्थिक विवंचनेत शोधणे अशास्त्रीय ठरेल. तरीही गैरहजर राहणारा शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी हा बेफिकीर असेलच असे नाही. तो खचलेलाही असू शकतो. त्याच्या बाबतीत हजेरीची अट नेमक्या त्याच क्षणी आधार काढून घेते, जसा तो झोंब्यातील शाळा सोडलेल्या मुलीकडून काढून घेतला गेला.

समारोप

झोंबा प्रयोगाचे खरे मोल त्याच्या आकड्यांपेक्षा त्याने दाखविलेल्या विसंगतीत आहे. शिक्षणाच्या मोजपट्टीवर जी रचना यशस्वी ठरली, तीच मनाच्या मोजपट्टीवर उणी पडली. दुसरी मोजपट्टी लावलीच नसती, तर पहिल्याच निकालावर समाधान मानले गेले असते. म्हणून कोणत्याही अर्थसाहाय्य योजनेच्या मूल्यमापनात लाभार्थी युवकाच्या मनःस्वास्थ्याचा स्वतंत्र विचार होणे, अट मोडल्यास साहाय्य बंद करण्यापूर्वी तिचे कारण तपासले जाणे आणि साहाय्याचा काही भाग थेट व विनाअट त्या युवकाच्या हाती राहणे, या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. यांपैकी दुसरी गोष्ट शासन निर्णयाची वाट न पाहताही घडू शकते. हजेरीपटावरील रिकाम्या चौकटीची चौकशी विद्यार्थ्याजवळ बसून करावी लागते आणि ते काम प्रत्येक महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे.