घरमालकिणीला सगळं ठाऊक असतं

गेल्या जुलैत ताम्हिणीच्या अलीकडे, मुळशी धरणाच्या काठच्या एका होमस्टेत तीन दिवस अडकलो होतो. पाऊस इतका, की समोरचं पाणीही दिसेना. सोबत अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' होतं. बर्फानं तुटलेलं गेस्टहाऊस, नुकताच धंदा सुरू केलेलं जोडपं, पाचेक पाहुणे आणि एक खून. म्हटलं, वाचायला याहून चांगली जागा कुठली?

'कोझी' रहस्यकथांमध्ये खानावळ किंवा लॉज चालवणारी बाईच गुप्तहेर होते, असा एक मोठा उपप्रकार आहे. त्यामागचं तर्कशास्त्र मला पटतं. कोणी रात्री जेवला नाही, कोणाचे बूट पहाटे ओले होते, कोणी रजिस्टरमध्ये पत्ता लिहिताना अडखळला, हे पोलिसांच्या आधी तिला कळतं. १९५२पासून लंडनमध्ये चालू असलेल्या (करोनाकाळ सोडून) या नाटकात मात्र ख्रिस्तीनं हे केलेलं नाही. तिची मॉली शोध घेत नाही, घाबरते. नाटकातली सगळ्यात चांगली गोष्ट मला तीच वाटते. पाहुण्यांवर नजर ठेवणाऱ्या मॉलीला हळूहळू कळतं, की आपण नवऱ्यालाच फारसं ओळखत नाही. खुनी कोण ते सांगत नाही. नाटक संपल्यावर प्रेक्षकांकडून तसं वचन घ्यायची प्रथा आहे, आणि ती मोडण्याइतका मी उद्धट नाही.

'कोझी' या शब्दावर मात्र माझा आक्षेप आहे. हे नाटक १९४७च्या एका रेडिओ-नाटकातून आलं, आणि त्यामागे १९४५ची एक खरी घटना होती: श्रॉपशरमधल्या एका शेतावर सरकारनं सांभाळायला दिलेला डेनिस ओ'नील हा बारा वर्षांचा मुलगा छळानं मेला. म्हणजे शेकोटी, चहा, विणकाम या सगळ्याच्या तळाशी एक मूल आहे, ज्याची जबाबदारी सगळ्यांची होती आणि कोणीच घेतली नाही. शेवटी खुनी सापडतो, पण ते मूल परत येत नाही. नाटक ही गोष्ट लपवत नाही. लपवतो तो आपण चिकटवलेला शब्द.

मुळशीत असं नाटक लिहायचं तर तळाशी काय असेल, हे शोधायला फार लांब जायला नको. होमस्टेच्या गॅलरीतून दिसतं ते तलावाचं पाणी. त्याखाली पन्नासेक गावांच्या जमिनी आहेत. १९२१ ते १९२४ या काळात इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. पाणी बोगद्यातून भिऱ्याला उतरलं, वीज मुंबईला गेली. आमच्याकडे तीन दिवसांत दोनदा तासन्‌तास वीज नव्हती. मी मेणबत्तीवर दुसरा अंक संपवला.

नंतरची गुन्हेकथा प्रवीण तरडेंनी २०१८मध्ये 'मुळशी पॅटर्न'मध्ये सांगितली: बापानं जमीन विकली, पोरगं कोयता घेऊन उभं राहिलं. तो सिनेमा मला जरा जास्त आरडाओरडा करणारा वाटतो, पण हेतू कुठून येतो हे त्याला नेमकं माहीत आहे. इथे खुनाचं कारण मृत्युपत्र नसतं, सातबारा असतो.

मग गुप्तहेर कोण? अर्नाळकरांचा झुंजार इथे शोभणार नाही, तो शहराचा. फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकलवरून आला असता, पण त्याला मोठ्यांच्या जमिनीचे व्यवहार कोण सांगणार? होमस्टेचे मालकही नाहीत, ते पुण्यात राहतात, शनिवारी येतात. ख्रिस्तीच्या गणितात मालकिणीला सगळं ठाऊक असतं, कारण घर तिचं असतं. इथे सगळं ठाऊक असतं ते भाकऱ्या थापणाऱ्या मावशींना, आणि घर त्यांचं नसतं. आम्ही चार पाहुणे कुठून आलो, कोणाचं कोणाशी बिनसलंय, शेजारचा प्लॉट कोणाच्या नावावर झालाय, हे त्यांनी पहिल्याच रात्री ओळखलं होतं. पण मॉली घाबरते तेव्हा स्वतःच्या घरात घाबरते. मावशींना बोलण्याआधी सोमवारच्या कामाचा विचार करावा लागतो. अशा गुप्तहेराची कादंबरी माझ्या तरी वाचनात आलेली नाही, आणि ती कोणी लिहिली तर तिला कोझी म्हणणं अवघड जाईल.

निघताना मी मावशींना विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं? त्यांनी पाण्याकडे हात केला आणि पिठल्याचे पैसे वेगळे लावलेले नाहीत, असं सांगितलं.