नटीचे धन

'जालना, सोन्याचा पाळणा' ही म्हण मराठवाड्यात सर्वश्रुत आहे. व्यापारउदिमाने भरभराटलेल्या एका गावाचा गौरव तीत आहे, हे खरेच. परंतु पाळण्यात निजलेल्या मुलाची त्या सोन्यावर काडीचीही सत्ता नसते आणि पाळण्याची दोरी दुसऱ्याच्याच हाती असते, हे ती म्हण ऐकताना आपल्या ध्यानात येत नाही. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन पुन्हा वाचीत असता आम्हांस ही म्हण वारंवार आठवली.

चित्रपटांतील नटनटींच्या मिळकतीविषयी सुशिक्षित घरांतून जी चर्चा चालते, तिचे सूर दोनच. एक हेव्याचा, दुसरा उपदेशाचा. 'एवढा पैसा यांना कशासाठी?' असे आधी म्हणावयाचे. आणि उतारवयात तोच नट विपन्नावस्थेत दिसला की, 'एवढे मिळूनही राखता आले नाही,' असे म्हणून मोकळे व्हावयाचे. किती मिळाले, एवढेच आपण विचारतो. कोणाच्या हाती पडले, हे विचारीत नाही. हा दुसरा प्रश्न विचारावयास लावणे, हे या पुस्तकाचे खरे मोल होय.

1923 साली जन्मलेल्या रतन साळगावकर या मुलीने 1936 च्या 'विजयाची लग्ने' या चित्रपटात प्रथम काम केले. कलेची हौस हे त्याचे कारण नव्हते. घरास मिळवते माणूस हवे होते. घराण्याच्या नावास बट्टा लागू नये म्हणून तिने 'हंसा वाडकर' हे नाव धारण केले. मुलीचा पैसा घरात यावा, घराचे नाव मात्र पडद्यावर जाऊ नये, अशी ही तडजोड! पुढे विवाह झाला. काम सोडून संसार करावा, ही हंसाबाईंची इच्छा. परंतु त्यांची मिळकत थांबणे घरच्यांस परवडणारे नव्हते. 'संत सखू' (1941), 'लोकशाहीर रामजोशी' (1947), 'सांगत्ये ऐका' (1959) अशी कीर्ती चढत गेली; स्वतःच्या कमाईवरील सत्ता मात्र त्या मानाने वाढली नाही.

हे आत्मकथन 'माणूस'मधून प्रसिद्ध झाले आणि 1970 साली पुस्तकरूपाने आले. हंसाबाईंनी सांगितले, अरुण साधू यांनी शब्दांकित केले. सांगण्याच्या ओघात कालक्रम ठिकठिकाणी विस्कळीत झाला आहे, आणि पैशाचा सलग हिशेब तर कोठेच हाती लागत नाही. हा ग्रंथाचा दोष म्हणावा काय? आमच्या मते नाही. जिच्या हाती थैलीच नव्हती, तिने हिशेब कोठून द्यावा?

यावर कोणी भगवानदादांचे उदाहरण पुढे करील. 1951 च्या 'अलबेला'ने त्यांस बंगला आणि मोटारी दिल्या. पुढील चित्रपटांत सारे गेले, आणि 2002 साली दादरच्या चाळीतच त्यांचा अंत झाला. परंतु येथे भेद आहे. भगवानदादांनी आपले धन आपल्या हाताने पणास लावले व घालविले. हंसाबाईंच्या वाट्यास गमावण्याचेही ते स्वातंत्र्य पुरतेपणी आले नाही.

याच्या शेजारी दुर्गाबाईंचे 'मी, दुर्गा खोटे' ठेवून पाहावे. त्याही 1931 साली घरच्या ओढगस्तीमुळेच या व्यवसायात आल्या. टीकाही त्यांनी सोसली. परंतु त्या आल्या तेव्हा प्रौढ होत्या, कॉलेजात शिकलेल्या होत्या. 'प्रभात', 'न्यू थिएटर्स' अशा निरनिराळ्या संस्थांतून त्यांनी कामे केली, आणि पुढे स्वतःची निर्मितीसंस्थाही चालविली. दोघींचा पडदा एकच, गरजही जवळजवळ एकच. भेद पडला तो वयाचा, शिक्षणाचा आणि करार समजून घेण्याच्या शक्तीचा. धनाविषयीची वृत्ती आपण ज्यास स्वभाव म्हणतो, तिचा पुष्कळसा भाग या तीन गोष्टींनीच घडविलेला असतो.

हा विषय जुना झाला, असे कोणी समजू नये. बालकलाकाराच्या मिळकतीपैकी किमान 20 टक्के रक्कम त्याच्याच नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवावी, असा नियम 2017 साली झाला. हंसाबाईंच्या पहिल्या चित्रपटानंतर एक्याऐंशी वर्षांनी कायद्यास ही जाग आली, तीही पाचव्या हिश्श्यापुरती. आज दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या व नाचाच्या स्पर्धांसाठी आपल्या घरांतील मुले रांगेत उभी असतात, आणि आपण कौतुकाने पाहत असतो. त्या मुलांच्या मिळकतीतील उरलेले 80 टक्के कोणाच्या हाती जातात, याचा विचार कायदा करीत नाही; तो आईबापांनीच करावयाचा आहे. तो करण्यापूर्वी त्यांनी 'सांगत्ये ऐका' एकदा अवश्य वाचावे.