साप स्वच्छ दिसला, म्हणजे माइट गेले का?

मित्रांनो, पेपर कसा वाचायचा यावर आपण बोलतोय, तर आज उदाहरण जरा वेगळं घेतो: सापावरचे माइट आणि त्यांचे उपचार. विषय तुमच्या कामाचा नसेल. पण यातली चूक तुमच्या थीसिसमध्येही शिरू शकते. माझ्याकडून ती झाली आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

पावसाळ्यात दरेकसाला घरी गेलो होतो. गावातल्या एका सर्पमित्र दादाने अजगर पकडला होता आणि वनविभागाला कळवून तो गाडीची वाट बघत होता. अजगराच्या खवल्यांमध्ये काळपट दाणे चिकटलेले. दादा म्हणाला, "तू झूलॉजीवाला ना गा, सांग, काय लावू याले?" मी मोबाइलवर दोन लेख चाळले आणि ठोकून दिलं: स्नेक माइट आहेत, फवारा मारा, पेटी धुवा. नशीब, दादाने काही मारलं नाही. पशुवैद्यकांनी बघितलं तर त्या गोचिडी होत्या. चिमट्याने एकेक काढल्या, संपलं.

माझं वाचन चुकीचं नव्हतं. चुकीच्या प्राण्यासाठी होतं. स्नेक माइट, म्हणजे ओफिओनिसस नॅट्रिसिस, जेमतेम एक मिलिमीटरचा. तो सारखा फिरतो, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखाली जमतो, पाण्याच्या भांड्यात बुडून मेलेला सापडतो. गोचीड मोठी असते आणि खवल्यांच्या फटीत दिवसेंदिवस एका जागी रुतून बसते. आपल्याकडच्या अजगरांवर, घोरपडींवर अँब्लिओमा गेर्वेसी ही गोचीड नेहमी आढळते. उपचाराचा पेपर उघडण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: यातला जीव आणि माझ्यासमोरचा जीव एकच आहे का?

आता मूळ साहित्याकडे येऊ. या माइटबद्दल आज जे काही सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं जोसेफ कॅमिन यांच्या १९५३ च्या अभ्यासावर उभं आहे. त्यांनी आयुष्यक्रमाचे पाच टप्पे दाखवले: अंडं, अळी, प्रोटोनिम्फ, ड्युटोनिम्फ आणि प्रौढ. रक्त पितात फक्त प्रोटोनिम्फ आणि प्रौढ. २५ ते ३० अंश सेल्सिअसला हे चक्र साधारण १३ ते १९ दिवसांत पूर्ण होतं आणि प्रौढ माइट ४० दिवसांपर्यंत जगू शकतो. मादी अंडी सापावर घालत नाही. ती सापावरून उतरते आणि अंधाऱ्या, दमट फटीत घालते. नराशी संबंध न येताही ती अंडी घालते, त्यांतून नर निघतात. म्हणजे एक मादी वाचली तरी कथा पुन्हा सुरू होऊ शकते.

हे नीट वाचलं की उपचारांच्या कितीतरी दाव्यांमधली भेग आपोआप दिसते. "औषध लावलं, पाचव्या दिवशी सापावर एकही माइट नाही, उपचार यशस्वी." बघा, इथे मोजलं कुठे? सापावर. माइट आहेत कुठे? अंडी, अळ्या, ड्युटोनिम्फ आणि पोट भरून उतरलेल्या माद्या या सगळ्या पेटीच्या सांध्यांत, लाकडाखाली, आच्छादनात. पाचव्या दिवशीचं शून्य हे औषधाचं यश असेल, किंवा नुसती दोन पिढ्यांमधली सुट्टी असेल. दोन्हींत फरक करायचा तर किमान दोन चक्रं, म्हणजे सहाएक आठवडे, साप आणि पेटी दोन्ही तपासत राहावं लागेल.

दुसरी भेग तुलनेची. लोक औषध लावतात त्याच दिवशी पेटी रिकामी करतात, आच्छादन फेकतात, गरम पाण्याने धुतात, भांडं बदलतात. मग श्रेय औषधालाच का? फक्त साफसफाई केलेला गट नसेल, तर औषधाचा वाटा सांगताच येत नाही.

तिसरी भेग संख्येची, आणि व्हायवामध्ये इथेच पकडतात. एका पेटीतले २०० माइट मोजले म्हणून तुमची नमुना-संख्या २०० होत नाही. उपचार पेटीला दिला, तर नमुना-संख्या पेट्यांची. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याच चुकीला स्यूडोरेप्लिकेशन असं नाव दिलं. मला हा पेपर एम.एस्सी.ला शिकवला होता, पण समजला या माइटमुळे.

बरं, पुराव्याची ताकद दाव्यागणिक बदलते, हेही इथेच दिसतं. माइटमुळे सापांमध्ये जिवाणूंचा रक्तसंसर्ग पसरतो, हे कॅमिन यांनी १९४८ मध्ये प्रयोग करून मांडलं. पण अजगर आणि बोआ यांच्या इन्क्लूजन बॉडी डिसीजचं बघा. आजारी वसाहतींमध्ये माइट दिसायचे, म्हणून संशय माइटवर. २०१२ मध्ये आजारी सापांत अरेनाव्हायरस सापडले, तेव्हा आजारामागचा विषाणू समोर आला. वाहक म्हणून माइटवरचा संशय योग्य असेलही, पण दोन गोष्टी सोबत दिसणं म्हणजे एकीने दुसरी घडवणं नव्हे. लेखांमध्ये मात्र दोन्ही दावे एकाच वाक्यात, एकाच सुरात येतात.

कॅमिनवरही माझी एक तक्रार आहे. म्हणजे त्यांच्यावर नाही, त्यांना वाचणाऱ्यांवर. १३ ते १९ दिवस हा आकडा ठरावीक तापमानाचा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडीठाक. जुलैत भिंतींना ओल. माइट कोरडेपणात टिकत नाही, ओलीत फोफावतो. मग वर्षभर तोच आकडा कसा वापरायचा? "दर दोन आठवड्यांनी उपचार" हे वेळापत्रक कुठल्या हवामानातून आलं, ते विचारलंच पाहिजे.

आणि औषधाबद्दल: आयव्हरमेक्टिन सापांमध्ये वापरलं जातं, पण कासवांसाठी ते जीवघेणं ठरतं, हे १९८३ पासून छापील आहे. "सरपटणाऱ्यांसाठी चालतं" असं सरसकट वाक्य दिसलं की थांबा. मात्रा मी मुद्दाम देत नाही. ते काम पशुवैद्यकाचं. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरी ठेवून उपचार करणं हा गुन्हा आहे.

मग दरेकसात या साहित्याचा उपयोग शून्य का? नाही. जंगलातला साप पुढे निघून जातो, अंडी मागे राहतात. बंद पेटीत तसं होत नाही. सर्पमित्राची तीच पिशवी, तीच बरणी आज धामणीला, उद्या अजगराला वापरली जाते. कॅमिन यांचं ऐकायचं तर धोका तिथे आहे, शिवणीत आणि झाकणाच्या फटीत. म्हणून दादाला या वेळी औषध सांगितलं नाही. एवढंच सांगितलं: एका सापाची पिशवी दुसऱ्याला नको, प्रत्येक वापरानंतर उकळत्या पाण्यातून काढ आणि कडक उन्हात वाळव. यावर दादा म्हणाला, "एवढंच होतं तं तवाच सांगाचं ना गा."

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातला "यशस्वी" म्हटलेला एक पेपर काढा. मोजलं कुठे, किती दिवस, कशाच्या तुलनेत आणि नमुना-संख्या नेमकी कशाची, ही चार उत्तरं समासात पेन्सिलने लिहा. एखादी जागा रिकामी राहिली, तर तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक तिथेच बसलेला असेल.