वार्धक्याचें नाट्य आणि सदऱ्याचें बटण

आमच्या मराठी वाङ्मयांत म्हातारा मनुष्य पुष्कळ वेळां येतो. पण तो आंघोळ कशी करतो, सदरा कसा घालतो, रात्रीं उठून मोरीपर्यंत कसा जातो, याची वाचकाला क्वचितच वार्ता लागते. देवलांच्या ‘संगीत शारदे’त (१८९९) तो उपहासाचा विषय होता. जरठ वराला प्रेक्षकांनीं हंसावें आणि त्याबरोबर समाजानें लाजावें, हा त्या नाटकाचा हेतु, व तो सफलहि झाला. सुमारें सत्तर वर्षांनीं तोच म्हातारा करुणेचा विषय बनला. शिरवाडकरांचे अप्पासाहेब बेलवलकर (१९७०) आणि दळवींच्या ‘संध्याछाये’तील नाना-नानी यांनीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांना मनसोक्त रडविलें. उपहास गेला व करुणा आली, ही प्रगति खरी. परंतु दोन्ही दृष्टींत एक उणीव समान आहे. इतरांनीं वृद्धाशीं कसें वागावें, याचीच दोन्हींत चर्चा. वृद्ध स्वतः काय करूं शकतो आणि काय करूं इच्छितो, हें विचारण्याची गरज कोणाला भासत नाहीं.

हा प्रश्न क्षुद्र आहे, असें कोणी म्हणेल. वाङ्मयानें आत्म्याचे व्यवहार पाहावेत. बादली आणि बटण यांच्याशीं त्याला काय कर्तव्य? पण वृद्धाचें स्वातंत्र्य कोठें वसतें हें शोधूं गेल्यास तें याच वस्तूंच्या आसपास सांपडतें. सिडनी कॅट्झ या अमेरिकन वैद्यानें आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ सालीं वृद्ध रुग्णांची स्वाधीनता मोजण्यासाठीं सहा नित्यकर्में निवडलीं: स्नान, वस्त्रें नेसणें, शौचास जाणें, अंथरुणावरून उठून खुर्चीवर बसणें, मलमूत्राचा निरोध आणि स्वतःच्या हातानें जेवणें. हीं कामें बहुधा याच क्रमानें सुटत जातात, असें त्यांना आढळलें. स्नान आधीं सुटतें आणि घास तोंडीं नेणें सर्वांच्या अखेर. बऱ्या होणाऱ्या रुग्णांत तीं उलट क्रमानें परत येतात, आणि तो क्रम लहान मूल तीं शिकतें त्या क्रमाशीं बराच जुळतो. उतरत्या आयुष्याची कथा सांगूं पाहणाऱ्या कादंबरीकाराला याहून तयार कथानक कोणतें हवें?

थोर लेखकांच्या नजरेंतून हें नाट्य सुटलेलें नाहीं. शेक्सपिअरचा ‘किंग लियर’ आपण कृतघ्न मुलींची कथा म्हणून वाचतों व शिकवितों. परंतु बाप आणि या कृतघ्न मुली यांच्यांतील पहिला उघड झगडा कशावरून होतो, हें पाहावें. तो अन्नवस्त्रावरून होत नाहीं. लियरच्या पदरच्या शंभर स्वारांवरून होतो. शंभरांचे पन्नास, पन्नासांचे पंचवीस, आणि शेवटीं एकाची तरी काय जरूर, येथवर मुलींचा हिशेब येतो. आमच्या घरीं तुमच्या सेवेला याहून दुप्पट नोकर असतांना तुम्हांला स्वतःचीं माणसें कशाला हवींत, असा त्यांचा युक्तिवाद आहे. व्यवहाराच्या दृष्टीनें तो बिनतोड आहे, आणि त्यांतच त्याचें क्रौर्य आहे. लियरची सेवा कमी होणार नव्हती. ती त्याच्या आज्ञेंतून निघून दुसऱ्याच्या आज्ञेंत जाणार होती. हाच लियर पुढें वादळांत अंगावरचे कपडे ओरबाडून काढूं लागतो. आणि अखेरच्या प्रवेशांत, कॉर्डेलियाचें प्रेत जवळ असतां, एक बटण सोडण्यास सांगतो आणि सोडणाऱ्याचे आभार मानतो. ज्यानें सारें आयुष्य हुकूम सोडण्यांत घालविलें, तो येथें विनंति करण्यास शिकला आहे. बटण दुसऱ्यानें सोडलें म्हणून त्याची प्रतिष्ठा गेली नाहीं. कारण तें केव्हां व कोणतें सोडावयाचें, हें त्यानें स्वतः सांगितलें.

‘नटसम्राटा’नें लियरपासून सर्वस्वदानाची आणि घरोघरच्या अपमानाची चौकट घेतली, व तींत मराठी रंगभूमीचा आत्मा ओतला. त्याचें मोठेपण वादातीत आहे. मात्र हा बटणाचा धागा त्यांत मागें पडला. अप्पासाहेबांची शोकांतिका वाणीची व मानाची आहे. त्यांच्या थकलेल्या हातापायांना तींत फारशी भूमिका नाहीं. परिणामीं प्रेक्षक घरीं जातांना एकच निश्चय बरोबर नेतो: मी माझ्या आईवडिलांना अंतर देणार नाहीं. निश्चय उत्तम, पण तो अपुरा आहे, कारण अंतर न देतांहि त्यांच्या हातांतलें सर्व कांहीं काढून घेतां येतें.

सेवा कशी असावी, याचें एक चित्र टॉलस्टॉयनें १८८६ सालच्या ‘इव्हान इल्यिचचा मृत्यु’ या कथेंत रेखाटलें आहे. तिचा नायक वृद्ध नाहीं, पंचेचाळीस वर्षांचा आहे. पण शौचासहि दुसऱ्याची मदत लागावी, ही त्याची यातना वृद्धांच्या यातनेहून निराळी नाहीं. गेरासिम हा खेड्यांतला तरुण नोकर तें काम निःसंकोचपणें करतो. तो नाक मुरडत नाहीं, खोटा धीर देत नाहीं, आणि रुग्णाला बरें वाटतें म्हणून त्याचे पाय तासन्‌तास खांद्यावर धरून बसतो. काय करावयाचें हें तो रुग्णाकडून जाणून घेतो, स्वतः ठरवीत नाहीं.

आतां आपल्या घरांकडे वळूं. आमचा दोष बहुधा उपेक्षेचा नसतो. घाईच्या मायेचा असतो. आजोबांना सदरा घालावयास वीस मिनिटें लागतात, आणि सुनेला आठाची गाडी गांठावयाची असते. तेव्हां ती दोन मिनिटांत घालून देते. आजी चहा सांडते म्हणून तिला तो पाजला जातो. मार्ग्रेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ विदुषीनें वृद्धाश्रमांतील व्यवहारांचें बारकाईनें निरीक्षण केलें. वृद्ध मनुष्य आपलें काम आपण करूं लागला, कीं तिकडे कोणी लक्ष देत नाहीं. तो हात टाकून बसला, कीं लगेच माणूस धांवतें, बोलतें, जवळ बसतें, असें तिला दिसलें. अर्थात् माणसाची सोबत हवी असेल, तर परावलंबन हाच तिचा मार्ग ठरतो. आमच्या घरांतहि पुष्कळ वेळां हाच सौदा चालतो. त्याला आपण लाड म्हणतों.

यावर उपाय फार खर्चाचे नाहींत. मोरींत न डगमगणारें स्टूल, त्याच्याच उंचीवर बादली, भिंतीला भक्कम दांडी, पायाखालीं न घसरणारी चटई. पाय जमिनीला टेकतील इतक्याच उंचीची खाट. जाड मुठीचा चमचा. पुढून उघडणारा, दाब-बटणांचा पोलका. त्याहून महत्त्वाची म्हणजे कामाची वांटणी. पाठ दुसऱ्यानें चोळावी, तोंड व हात ज्याचे त्यानें धुवावेत. बाही दुसऱ्यानें धरावी, हात ज्याचा त्यानें घालावा. या विद्येला व्यवसायोपचार म्हणतात, आणि तिचें पहिलें भारतीय विद्यालय १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत निघालें. तें काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्मानें अमेरिकन होत्या, विवाहानें महाराष्ट्राच्या झाल्या. इतक्या वर्षांपूर्वी दारांत आलेली ही विद्या आमच्या कथा-कादंबऱ्यांच्या उंबऱ्याच्या आंत मात्र फारशी शिरलेली नाहीं.

पडण्याची भीति खोटी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. उतारवयांत मोडलेलें खुब्याचें हाड म्हणजे लहान गोष्ट नव्हे. पण खाटेवर बसवून ठेवलेल्या माणसाचे पाय दिवसेंदिवस अशक्त होतात, व तो पुढें अधिक सहज पडतो. दुसरा आक्षेप वेळेचा. आणि तो काढणाऱ्या सुना-लेकींकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं, कारण आमच्या घरांतील सेवेचा बहुतेक भार त्यांच्याच शिरावर असतो. मात्र आज आजोबांना दिलेलीं वीस मिनिटें कांहीं अंशीं तिचींच आहेत. ते सदरा घालण्याचें विसरले, कीं तें काम तिला कायमचें चिकटतें. आणि त्या वीस मिनिटांत मुलानें शेजारीं उभें राहण्यास कोणतीच हरकत नाहीं.

म्हणून आमच्या लेखकांपाशीं एक मागणें आहे. जन्मभर नऊवारी नेसलेल्या आजीला घरच्या सोयीसाठीं गाऊन घालावयाचा, हा निर्णय कित्येक घरांत एका सकाळीं होऊन जातो. तो कोणी घेतला, तिला विचारलें काय, ती काय म्हणाली, आणि नेसण्याच्या कोणत्या टप्प्यावर तिचे हात थांबत होते, एवढें जरी कोणी नीट पाहून लिहिलें, तरी एक चांगली कथा होईल. तींत कोणी कृतघ्न नसेल, कोणी मरणारहि नाहीं. कदाचित् आजीला शेवटचा काष्टा तेवढा कोणी तरी खोंवून द्यावा असें वाटत असेल, आणि बाकीचें लुगडें ती अजूनहि स्वतः नेसत असेल.