कोल्हासुरवधाची कथा : पराभूताचा वाटा आणि विजयाचा हिशेब

सुष्ट आणि दुष्ट शक्तींचा संग्राम हे भारतीय पुराणवाङ्मयातील एक मध्यवर्ती आशयसूत्र होय. वृत्रवध, रामरावणयुद्ध, महिषासुरमर्दन या साऱ्या कथा ‘चांगल्याचा वाइटावर विजय’ या एकाच सूत्रात बसविण्याची सवय मराठी वाचकाला पाठ्यपुस्तकांनी आणि उत्सवी भाषणांनी लावली आहे. करवीरक्षेत्रातील कोल्हासुरवधाच्या कथेचे सारही बहुधा याच शब्दांत सांगितले जाते. तथापि, ही कथा आणि तिच्याशी निगडित विधी बारकाईने पाहिले असता वधापेक्षा वधानंतरचा व्यवहार तिच्यात अधिक महत्त्वाचा असल्याचे दिसून येते. त्या दृष्टीने या कथेचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

करवीरमाहात्म्याच्या परंपरेतून प्रचलित असलेली कथा थोडक्यात अशी : कोल्हासुराचे पुत्र देवांच्या हातून मारले गेले. करवीर हा त्यांपैकी एक. त्याचा वध शिवाने केला आणि त्याच्या नावाने हे क्षेत्र ओळखले जाऊ लागले. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या कोल्हासुराने तप करून देवीला प्रसन्न केले आणि तिने शंभर वर्षे या क्षेत्रापासून दूर राहावे असा वर मागितला. देवीने तो दिला आणि पाळला. त्या अवधीत असुराने प्रजेला छळले. मुदत संपताच देवी परतली, युद्ध झाले, असुर पडला. मरताना त्याने पुन्हा वर मागितला : नगराला आपले नाव राहावे आणि दरवर्षी आपल्या स्मरणार्थ कोहळ्याचा बळी दिला जावा. देवीने तोही मान्य केला.

या कथेत युद्धाचे वर्णन जितके ठरावीक साच्याचे आहे, तितकेच वरांचे तपशील स्वतंत्र आहेत. असुराच्या वैराला येथे कारण आहे, आणि ते कारण पुत्रवधाचे आहे. तो देवीशी थेट युद्ध मांडत नाही, तिच्याकडेच मागणे मागतो. देवीही त्याला दिलेल्या शब्दासाठी आपल्या भक्तांचे शंभर वर्षांचे हाल सोसू देते. दुष्टतेचे निर्दालन एवढाच कथेचा हेतू असता, तर या मुदतीची गरज काय होती? शब्द, मुदत आणि मोबदला यांच्या भाषेत विचार करणारी ही कथा आहे. तिच्यातील संघर्ष एका भूमीवरील दोन हक्कदारांचा आहे असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

मार्कंडेयपुराणातील देवीमाहात्म्याशी तुलना केल्यास हे वेगळेपण अधिक ठळक होते. ज्या मध्यम चरित्राची अधिष्ठात्री देवता महालक्ष्मी मानली जाते, त्यात महिषासुर अखेरपर्यंत लढतो आणि मारला जातो. त्याला काही मागण्याची संधीच नाही. पुढे कालिकापुराणात मात्र महिषासुर देवीच्या चरणांपासून दूर न होण्याचा आणि पूजेत भाग मिळण्याचा वर मिळवतो. कोल्हासुराची कथा या दुसऱ्या वळणाच्या जवळची आहे. किंबहुना ती त्याच्याही पुढे जाते. महिषासुराला देवीच्या पायाशी जागा मिळाली, कोल्हासुराला अवघे नगर मिळाले.

नगरनामाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. भाषाभ्यासक ‘कोल्हापूर’ या नावाचा संबंध सखल भूमी किंवा दरी या अर्थाच्या ‘कोल्ल’ या शब्दाशी जोडतात, आणि शिलाहारकालीन लेखांत ‘कोल्लापूर’ हे रूप आढळते. नाव आधीचे आणि त्याच्या स्पष्टीकरणासाठी असुर नंतर निर्माण झाला, असा तर्क त्यामुळे करता येतो. तो मान्य केला तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. हेच शिलाहार राजे स्वतःला महालक्ष्मीच्या वराने अनुगृहीत म्हणवून घेत होते. नावाचा उगम देवीशी जोडणे कथाकाराला अवघड नव्हते. तरीही नावाचे धनी पराभूत ठरले. लोकव्यवहारातील ‘कोल्हापूर’ आणि संस्थानी कागदपत्रांतून तालुक्याच्या नावात उतरलेले ‘करवीर’, ही दोन्ही नावे कथेच्या हिशेबाने पिता-पुत्र असुरांची आहेत. गया आणि म्हैसूर ही याच जातीची अन्य उदाहरणे होत.

महाराष्ट्रातच याहून जवळचे उदाहरण जेजुरीचे आहे. मल्लासुर आणि मणी यांच्याशी मार्तंडभैरवाचे युद्ध चंपाषष्ठीच्या उत्सवाच्या मुळाशी आहे. मणी शरण आला, त्याला देवाजवळ पूजास्थान मिळाले. मल्ल अखेरपर्यंत वैरी राहिला, तरी ‘मल्हारी’ या नावातून तो देवाला कायमचा चिकटला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात म्हसोबाचा जो मागोवा घेतला, तोही या संदर्भात उल्लेखनीय ठरतो : एके ठिकाणी देवीने मारलेला महिष दुसऱ्या ठिकाणी तिचाच पती म्हणून पुजला जातो.

या साऱ्याला सामाजिक अर्थ देण्याचा पहिला समर्थ प्रयत्न महात्मा जोतीराव फुले यांचा. ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी अवतारकथा उलट्या बाजूने वाचल्या, बळीला न्यायी राजा आणि खंडोबा, जोतिबा, म्हसोबा यांना त्याच्या राज्यातील अधिकारी मानले. असुर म्हणजे जिंकले गेलेले मूळ रहिवासी, ही दृष्टी त्यांनी दिली नसती तर कोल्हासुराच्या पुत्रशोकाकडे कदाचित कोणाचे लक्षही गेले नसते. मात्र फुल्यांच्या नंतर या मांडणीचा जो सरसकट वापर झाला, त्यात एक उणीव राहिली. सुष्टाच्या जागी दुष्ट आणि दुष्टाच्या जागी सुष्ट ठेवल्याने बाजू बदलतात, चौकट तीच राहते. कोल्हापूरची कथा या अदलाबदलीलाही पुरती वश होत नाही. येथे देवी परकी नाही. ती क्षेत्राचीच आहे, आणि असुराचा हक्कही तीच मान्य करते.

कथेतील हा समझोता ग्रंथापेक्षा विधीत अधिक जिवंत आहे. आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललिता पंचमीला, अंबाबाईची पालखी शहराच्या पूर्वेकडील त्र्यंबोली टेकडीवर जाते. तेथे गुरव घराण्यातील कुमारिकेच्या हस्ते त्रिशूळाने कोहळा फोडला जातो. कोहळा हा पशुबळीचा पर्याय म्हणून सर्वत्र परिचित आहे. येथे मात्र तो नावाच्या ध्वनिसाम्यासह प्रत्यक्ष कोल्हासुराचे रूप धारण करतो. कोहळा फुटताच त्याचे तुकडे मिळविण्यासाठी भाविकांची झुंबड उडते, आणि हाती आलेला तुकडा शुभ मानून घरी नेला जातो. नुसत्या पापाचे अवशेष कोणी घरात ठेवीत नाही. विधीने असुराला प्रसादाच्या पातळीवर आणून ठेवले आहे, ही गोष्ट कथेच्या कोणत्याही सारांशात येत नाही.

देवीच्या मूर्तीची साक्षही विचारात घेण्यासारखी आहे. म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र धारण करणारी, मागे सिंह असलेली ही चतुर्भुज मूर्ती शस्त्रधारी आहे. पण तिच्या पायाखाली असुर नाही. महिषासुरमर्दिनीचे रूप नवरात्रात अष्टमीला पूजेपुरते उभे केले जाते. २०१७ मध्ये देवीला घागरा-चोळी नेसविल्यावरून जो वाद पेटला, त्यातून ‘विष्णुपत्नी महालक्ष्मी की शक्तिरूप अंबाबाई’ हा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्या वादात मूर्तीची लक्षणे हिरिरीने मांडली गेली, कोल्हासुराची आठवण मात्र फारशी कोणाला झाली नाही. वस्तुतः देवीचे क्षेत्राशी असलेले नाते कथेत ज्या व्यवहाराने सिद्ध होते, त्याचा दुसरा पक्ष तोच आहे.

पंचमीच्या विधीचे स्थान टेकडीवर का, याचे उत्तर कथेच्या उत्तरार्धात मिळते. आणि तो भाग पूर्वार्धापेक्षा सूक्ष्म आहे. कोल्हासुराचा पुत्र कामाक्ष याने योगदंडाच्या बळावर देवांना शेळ्यामेंढ्यांचे रूप दिले. त्र्यंबोलीने युक्तीने तो दंड हस्तगत करून कामाक्षाला मारले आणि देवांना मूळ रूप मिळवून दिले. त्यानंतर झालेल्या विजयोत्सवाचे आमंत्रण तिलाच द्यायचे राहून गेले. रुसलेली त्र्यंबोली नगराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. चूक लक्षात आल्यावर महालक्ष्मी स्वतः तिच्या भेटीला गेली, आणि तिच्या समाधानासाठी कोल्हासुरवधाचा प्रसंग कोहळ्याच्या रूपाने तिच्यासमोर पुन्हा घडविण्यात आला.

पहिल्या भागात पराभूताचे देणे चुकते झाले. येथे विजयी पक्षाच्या आतलेच देणे थकलेले आहे. देवांना वाचविणारीच देवांच्या स्मरणातून निसटते, ही नोंद ठेवण्याचे धैर्य माहात्म्यग्रंथांत क्वचितच आढळते. त्यातही लक्षणीय असे की समजूत पटूनही त्र्यंबोली नगरात परतत नाही. आषाढात पंचगंगेचे पाणी वाजतगाजत तिच्या पायरीवर नेऊन ओतले जाते, आश्विनात राजचिन्हांसह पालखी येते; दोन्ही वेळा चालत जावे लागते ते नगरालाच. टेकडी तिची, आणि तेथवरची वाट दरवर्षी नव्याने चालायची, अशी ही व्यवस्था आजही चालू आहे.