‘स्थिर’ कणाची चाहूल

हान्स डेमेल्ट यांना १९८९ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या वेळच्या त्यांच्या व्याख्यानाचे शीर्षक ‘एकाकी, स्थिर मूलकणावरील प्रयोग’ अशा अर्थाचे आहे. शिक्षकांनी ते जरूर वाचावे. मात्र आमचे त्यावर दोन आक्षेप आहेत.

पहिला ‘स्थिर’ या शब्दावर. कण खरोखरच थांबला, तर तो आहे हे या उपकरणाला कळणारच नाही. सापळ्यातला इलेक्ट्रॉन दोन धातूंच्या विद्युत् अग्रांमध्ये सेकंदाला सुमारे ६ कोटी वेळा मागेपुढे होतो. तो एका अग्राजवळ आला की त्यातले इलेक्ट्रॉन मागे सरतात, दूर गेला की परततात. या ये-जा करणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहाच्या वारंवारतेशी, रेडिओचे स्टेशन लावावे तसे, बाहेरचे वेटोळे जुळवलेले असते. ऐकता ऐकता हे मंडल कणाची ऊर्जाही शोषून घेते. म्हणजे कणाला ‘स्थिर’ करण्यात ऐकणाऱ्याचाच वाटा आहे! मंडलात उष्णतेमुळे होणारा गोंगाट कमी राहावा म्हणून सापळा द्रवरूप हेलियमने सुमारे ४ केल्विनपर्यंत थंड ठेवतात.

इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाची दिशा उलटली, की त्या ६ कोटींत जेमतेम एका कंपनाचा फरक पडतो. तो ओळखता आला म्हणूनच १९८७ साली इलेक्ट्रॉनचे चुंबकीय परिबल एक लाख कोटीत ४ भाग इतक्या अचूकतेने मोजता आले. व्याख्यानात या ग्राहक मंडलाची बोळवण थोडक्यात होते, हे आम्हांला खटकते.

दुसरा आक्षेप शेवटच्या भागावर. प्रोटॉनसारख्या मोजक्या संयुक्त कणांची आकडेवारी आलेखावर मांडून, ती रेषा थेट इलेक्ट्रॉनपर्यंत वाढवून डेमेल्ट त्याच्या त्रिज्येचा अंदाज बांधतात. एवढ्या लांबवर ओढलेली रेषा हा पुरावा नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मापनात अचूकता एक लाख कोटीत ०.१३ भागांवर आली. इलेक्ट्रॉनला बिंदुरूप मानणाऱ्या सिद्धान्ताशी ते एक लाख कोटीत सुमारे एक भाग इतके जुळते. इलेक्ट्रॉनच्या पोटात आणखी काही असल्याचे चिन्ह त्यात नाही.

विद्यार्थ्यांबरोबर हे व्याख्यान वाचताना प्रत्येक विधानाला एकच प्रश्न विचारावा : हे मोजले आहे, की रेषा वाढवून मिळवले आहे?